हनुवटी तिरकी दिसते? आधी हे घरी तपासा

लग्न ठरलं की आमच्या दवाखान्यात ही तक्रार हमखास येते: "डॉक्टर, सेल्फीत तोंड एका बाजूला ओढल्यासारखं दिसतं." सेल्फीवर जाऊ नका. हातभर अंतरावरून नाक मोठं दिसतं, मान जराशी कलली तरी चेहरा वाकडा. पाच फुटांवरून, मागच्या कॅमेऱ्याने, दुसऱ्या कुणाकडून समोरून फोटो काढून घ्या. थोडा फरक प्रत्येकाच्या चेहऱ्यात असतोच.

मग आरशासमोर दात मिटून ओठ बाजूला करा. वरच्या मधल्या दोन दातांमधली रेघ खालच्या रेघेवर येते का? येत नसेल तर तोंड सावकाश, बोटभर उघडा आणि पुन्हा बघा. मेख इथे आहे. उघडल्यावर रेघा जुळल्या, तर मिटताना कुठलातरी दात आडवा येतोय आणि जबडा त्याला चुकवून बाजूला सरकतोय. नाही जुळल्या, तर दात सरकलेत किंवा हाडच एका बाजूला कमी-जास्त वाढलंय. लहानपणी एका बाजूचा दात काढून जागा तशीच सोडली, की पुढचे दात हळूहळू तिकडे झुकतात.

एक सात वर्षांची मुलगी आली होती. आईचं ठाम मत, एका कुशीवर झोपून हनुवटी उजवीकडे गेली. तिला अगदी हळू दात मिटायला लावले, तर दुधाचा सुळा आधी टेकला आणि जबडा सर्रकन उजवीकडे घसरला. उजव्या बाजूच्या वरच्या दाढा खालच्यांच्या आत बसत होत्या. याला क्रॉसबाइट म्हणतात. या वयात टाळूच्या मधला सांधा पक्का जुळलेला नसतो, त्यामुळे प्लेट लावून टाळू रुंद करता येतो. म्हणून मुलांना सातव्या वर्षाच्या आसपास एकदा दातांच्या डॉक्टरांना दाखवाच. मोठेपणी हेच काम अवघड होतं, कधी शस्त्रक्रियेवर जातं.

घरी आणखी एक तपासा: लांब लाकडी काडी दोन्ही बाजूंच्या दाढांमध्ये आडवी चावून धरा. डोळ्यांच्या रेषेशी ती तिरकी दिसली, तर वरचा जबडाही कललेला असू शकतो.

विशी-पंचविशीत हनुवटी वर्षागणिक सरकत असेल तर मात्र थांबू नका. जबड्याच्या सांध्याजवळचं हाड एकीकडे वाढत राहिलेलं असू शकतं. बोन स्कॅनवर ते कळतं. येताना जुने फोटो आणा, शाळेच्या ओळखपत्रावरचाही चालेल. आणि यूट्यूबवरचे जबड्याचे व्यायाम? हाड त्याने हलत नाही, सांधा तेवढा दुखायला लागतो.