लिफ्ट केलेल्या गाडीला कंट्रोल आर्म: कुठले घ्यायचे आणि कसे बसवायचे

गाडी लिफ्ट केली, म्हणजे सस्पेन्शन उंच केलं, मोठे टायर घातले, फोटो झकास आले आणि मग हायवेला लागल्यावर कळलं की स्टीअरिंग भिरभिरतंय, वळण संपलं तरी चाक आपणहून सरळ येत नाही. माझंही हेच झालं होतं आणि मी आधी टायरला, मग अलाइनमेंटवाल्याला शिव्या घालून मोकळा झालो. दोष कंट्रोल आर्मच्या, म्हणजे चाकांना किंवा ऍक्सलला चॅसीशी जोडणाऱ्या दांड्यांच्या, लांबीत होता.

आधी गाडीखाली वाकून बघा. पुढेमागे पाटे (लीफ स्प्रिंग) असतील तर तुमच्या गाडीला कंट्रोल आर्म नाहीतच, विषय संपला. पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक वेगळं हलणारं, असेल तर बहुतेक वेळा फक्त वरचा ए-आर्म (ए आकाराचा कंट्रोल आर्म) बदलतात, कारण लिफ्टनंतर बॉल जॉइंट (आर्म चाकाकडे जोडणारा गोल सांधा) त्याच्या कोनाच्या टोकाला जातो आणि चाक खाली लटकलं की आर्म स्प्रिंगला घासू शकतो. मी पुढे जे लिहितोय ते कॉइल स्प्रिंग आणि सॉलिड ऍक्सलवाल्या (दोन्ही चाकं एकाच सलग ऍक्सलवर) गाड्यांबद्दल, म्हणजे जीप रँग्लरसारख्या.

आर्मचं एक टोक चॅसीला, दुसरं ऍक्सलला. गाडी वर गेली की आर्म जास्त तिरका होतो, आणि पुढच्या आर्मचं चॅसीकडचं टोक ऍक्सलच्या मागे असल्यामुळे ऍक्सल थोडा मागे ओढला जातो, शिवाय थोडा फिरतोही. त्यानं कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे चाक ज्या रेषेभोवती वळतं ती वरून मागे किती कललेली आहे ते, सायकलच्या पुढच्या चिमट्यासारखं. तो कमी झाला की गाडी सरळ राहायला तयार नसते.

उपाय सोपा वाटतो: खालचे आर्म जरा लांब घ्यायचे, ऍक्सलचा खालचा भाग पुढे सरकतो, कॅस्टर परत येतो. पण इथेच गोची आहे. पुढचा ऍक्सल एकसंध असतो, कॅस्टर वाढवलात की पिनियनचं, म्हणजे ऍक्सलमध्ये शाफ्ट जिथे जोडला जातो त्या गिअरचं, तोंड खाली जातं, आणि लिफ्टमुळे प्रॉपेलर शाफ्ट (ऍक्सलला ताकद पोचवणारा फिरता दांडा) आधीच उतरता झालेला असतो, म्हणजे जॉइंटवर कोन अजून वाढला. मग स्टीअरिंग मस्त पण ठराविक स्पीडला फ्लोअरमधून थरथर. दोन्ही शंभर टक्के मिळत नाही, मध्य गाठावा लागतो, म्हणून तर ऍडजस्टेबल आर्म घ्यायचे. लिफ्ट दोन इंचांच्या आत असेल तर बऱ्याचदा ओरिजिनल आर्मवर निभावतं, उगाच खर्च करू नका. त्याच्या वर गेलात आणि बजेट तंग असेल तर आधी पुढचे खालचे घ्या, बाकीचे नंतर.

मागे हिशेब वेगळा. साध्या शाफ्टला दोन्ही टोकांना एकेकच क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) असेल तर पिनियन आणि ट्रान्स्फर केसचं (पुढच्या-मागच्या ऍक्सलला ताकद वाटणारा डबा) आउटपुट समांतर हवं. वरच्या टोकाला डबल कार्डन (दोन क्रॉस जोडून केलेला जॉइंट) असेल तर पिनियनचं तोंड शाफ्टच्या रेषेत, एक-दोन डिग्री खाली.

आता जॉइंट, कारण आर्मचा खरा स्वभाव नळीत नाही, टोकांना असतो. रबर बुश (बोल्टभोवतीचं रबराचं अस्तर) शांत, देखभाल शून्य, पण एका मर्यादेपुढे पिळवटत नाही. पॉलियुरेथेन टिकतं, मात्र ग्रीस संपलं की कुईकुई करतं आणि ऍक्सल तिरपा झाला की अडतं, दगडांवर जाणाऱ्या गाडीत दोन्ही टोकांना पॉली मी तरी घालणार नाही. गोल बॉलवाले जॉइंट हवे तसे वळतात, खोलून नवीन पार्ट टाकता येतात, बदल्यात थोडा आवाज केबिनमध्ये येतो. रोजची गाडी असेल तर एका टोकाला रबर, दुसऱ्याला बॉलवाला, हे माझं आवडतं कॉम्बिनेशन. खालचे आर्म दगडावर घासतात, ते जाड भिंतीच्या नळीचेच घ्या, वरच्यांना तेवढा मार नसतो. पावडर कोटिंगचा रंग बघून निवडणारे मी पाहिलेत, त्यांना काय बोलणार.

बसवायच्या आदल्या दिवशी सगळ्या बोल्टना गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. सपाट जागा, चाकांना ठोकळे, चॅसीखाली जॅक स्टँड, ऍक्सलखाली वेगळा जॅक. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही, म्हणजे नाहीच. कॅम बोल्ट (फिरवून अलाइनमेंट बदलणारे बोल्ट) असतील तर काढायच्या आधी पेंटने खूण करा. जुना आर्म काढलात की आधी नवा त्याच्या शेजारी ठेवून बोल्टच्या भोकाच्या सेंटरपासून सेंटरपर्यंत मोजा, मग हवा तेवढा लांब करा. टेपवर फार भरवसा नको, दोन्ही बाजूंचे आर्म एकावर एक ठेवून दोन्ही टोकांच्या भोकांतून बोल्ट सरळ गेला पाहिजे. आणि जॉइंटचा आटा नळीत पुरेसा आत हवा, निदान आट्याच्या व्यासाच्या दीडपट, लांबी ओढून ओढून दोन-चार आट्यांवर लटकवू नका.

एका वेळी एकच आर्म काढा, सगळे एकदम काढले तर ऍक्सल फिरतो आणि मग संध्याकाळ गेली. बोल्ट फिरतोय पण बाहेर येत नाही असं झालं तर हातोडा घ्यायच्या आधी जॅक केसभर वर-खाली करून बघा, ऍक्सलचा दाब त्या बोल्टवर असतो, दाब गेला की तोच बोल्ट दोन बोटांनी सुटतो. नवीन आर्मचं भोक जुळत नसेल तर ऍक्सल आणि चॅसीला रॅचेट पट्टा लावून हळूहळू ओढा. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना याकडे एक डोळा ठेवा. काही गाड्यांत वरच्या आर्मचा एक बुश आर्ममध्ये नसून ऍक्सलच्या कानात (ब्रॅकेटमध्ये) प्रेस केलेला असतो, तो काढायचा जुगाड आधीच करून ठेवा.

आता माझी चूक ऐका. सगळे बोल्ट मी चाकं हवेत लटकत असतानाच करकचून आवळले. रबर बुशची आतली स्लीव्ह बोल्टने कानाला घट्ट पकडलेली, बाहेरचं रबर आर्मबरोबर फिरणार. गाडी खाली टेकवली तेव्हाच रबर पिळलं गेलं आणि कायम तसंच पिळलेलं राहिलं. काही महिन्यांत खडखड सुरू, काढून बघितलं तर स्लीव्हभोवती अर्धा गोल फाटलेला, बोट घालता येईल एवढी फट. तेव्हापासून बोल्ट फक्त टेकवून ठेवायचे, गाडी स्वतःच्या चाकांवर उतरवायची, पुढेमागे हलवून दोन-चार दणके द्यायचे आणि मग टॉर्क रेंचने कंपनीच्या आकड्याला आवळायचे. जॅम नटही (जॉइंटचा आटा जागेवर धरणारा नट) तेव्हाच, त्याआधी जॉइंट दोन्ही टोकांना सरळ बसलेत का ते बघून.

पहिल्या फेरीआधी एक चाक दाबलेलं, दुसरं लटकलेलं अशा दोन्ही टोकांना तपासा: टायर कुठे लागतोय, होज कुठे ताणतोय, शाफ्टचा जॉइंट कुठे अडतोय, आर्म स्प्रिंगला शिवतोय का. मग अलाइनमेंट करून घ्या आणि प्रिंटवर फक्त टो (चाकं आत-बाहेर किती वळलीत) नाही, कॅस्टरचा आकडाही मागा. शंभरेक किलोमीटरनंतर आणि पहिल्या ट्रेलनंतर सगळे बोल्ट, जॅम नट पुन्हा आवळा. मी प्रत्येक जॅम नटवर पांढऱ्या मार्करची आडवी रेघ मारतो, नटवरून आर्मवर. गाडी धुताना खाली डोकावलं की रेघ तुटलीय का लगेच दिसतं.