कॅम चेन टेन्शनर बदलताय? आधी या चुका टाळा

माझ्या यामाहा एक्सएस ६५० या दोन सिलिंडरच्या मोटरसायकलचा टेन्शनर, म्हणजे क्रँकवरून कॅम फिरवणारी चेन ताणून धरणारा भाग, पहिल्यांदा बदलला तेव्हा आवाज थोडा कमी झाला, पण गेला नाही. नवा प्लंजर (चेनवरची पट्टी दाबणारी दांडी), नवी स्प्रिंग, नवं गॅस्केट, आणि तरी आयडलिंगला तीच खडखड. शेवटी ऑइल काढून खालची जाळी उघडली. जाळीवर नखाएवढे काळे तुकडे चिकटलेले. एक उचलून पुसला, तर एक बाजू गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूला चेनच्या कड्यांचे ठसे ओळीनं उमटलेले. पुढच्या गाइडचं, म्हणजे चेनला सरळ ठेवणाऱ्या पट्टीचं, रबर होतं ते. उष्णतेनं आणि ऑइलनं कडक होऊन पट्टीवरून सुटलं होतं, आणि मी मागच्या टेन्शनरवर पैसे घालत बसलो होतो.

म्हणून पहिली चूक हीच सांगतो: जाळी न उघडता टेन्शनर मागवणं. टेन्शनर चेनच्या ढिल्या बाजूला, सहसा सिलिंडरच्या मागं असतो. इंजिन चाकांच्याच दिशेनं फिरतं, त्यामुळे क्रँक चेन पुढच्या बाजूनं खाली ओढतो आणि उरलेली ढिलाई मागं जमा होते. पुढची बाजू ताणाची आणि तिथं गाइड बसलेला. तो गेला असेल तर मागं कितीही भारी वस्तू बसवा, पुढची चेन मोकळीच राहणार. एक्सएस ६५० मध्ये हा गाइड बदलायला हेड आणि सिलिंडर काढावं लागतं. काम मोठं आहे, पण टाळता येत नाही. जाळीही नीट पाहा, या इंजिनांत ती फाटलेली बऱ्याचदा सापडते.

आवाज चेनचाच आहे का?

जुन्या ट्विनची, म्हणजे दोन सिलिंडरच्या इंजिनाची, खडखड नेहमी चेनची नसते. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) ढिले असतात, क्रँकच्या टोकावरच्या मॅग्नेटचा नट सुटलेला असतो. पण सगळ्यात जास्त फसवतात ते कार्ब्युरेटर. ३६० अंशांच्या ट्विनमध्ये दोन्ही पिस्टन एकत्र वरखाली होतात आणि दर फेरीला एका सिलिंडरमध्ये स्फोट होतो. एक कार्ब्युरेटर कमी उघडत असला की एक फेरी जोरात आणि पुढची मवाळ जाते. क्रँक हिसके देत फिरतो आणि चेन प्रत्येक हिसक्याला आपटते. ऐकणाऱ्याला वाटतं टेन्शनर गेला. आधी दोन्ही कार्ब्युरेटर जुळवून घ्या, मग ऐका.

पक्की खूण हवी असेल तर टायमिंग लाइट (प्लगच्या ठिणगीसरशी चमकणारा दिवा) लावा. पॉइंटवाल्या एक्सएस ६५० मध्ये पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारे संपर्क) कॅमच्याच टोकावर बसतात, म्हणून चेनची ढिलाई थेट इग्निशनमध्ये उतरते. मॅग्नेटवरची खूण एका जागी न राहता पुढंमागं नाचत असेल तर चेनकडे बघायलाच हवं. पॉइंट ज्यांच्या कॅमवर आहेत अशा होंडाच्या ट्विननाही हेच लागू पडतं.

जास्त घट्ट करणं

हाताने लावायच्या टेन्शनरमध्ये ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते. आवाज गेला पाहिजे म्हणून माणूस बोल्ट आवळत राहतो. आवाज जातो खरा, पण चेन तारेसारखी ताणलेली असते. ब्लॉक आणि हेड अॅल्युमिनियमचे, चेन पोलादाची. अॅल्युमिनियम मीटरमागे दर अंशाला सुमारे २३ मायक्रॉन वाढतं, पोलाद १२ च्या आसपास. क्रँकपासून कॅमपर्यंत पाव मीटर अंतर आणि तापमानात १०० अंशांची वाढ धरली तर ब्लॉक-हेडची उंची अर्ध्या मिलिमीटरहून जास्त वाढते, चेनची लांबी तेवढ्याच अंतरात ०.३ मिलिमीटर. थंड असताना जी चेन जेमतेम घट्ट वाटते ती गरम झाल्यावर आणखी ताणली जाते. मग टेन्शनरची पट्टी खाल्ली जाते आणि कॅमच्या बैठकीवर सतत जोर येतो. कॅम थेट अॅल्युमिनियमच्या बैठकीत फिरत असेल तर हा जोर हेडच खातो.

एक्सएस ६५० मध्ये जुळवण थंड इंजिनावर, डोळ्यांनी बघून करता येते. मोठा टोपी-नट काढा, चेक नट ढिला करा आणि डाव्या बाजूच्या मॅग्नेटच्या नटावर पाना लावून क्रँक घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरवा. टेन्शनरची दांडी बोल्टच्या भोकात आतबाहेर होताना दिसेल. बोल्ट फिरवून दांडीचं टोक आणि बोल्टचं तोंड एका पातळीत आलं की चेक नट आवळा. मग इंजिन चालू करून बघा, दांडी किंचित हलली पाहिजे. अजिबात हलत नसेल तर चेन जास्त ताणलेली आहे, थोडी सोडा.

क्रँक याच्या उलट, म्हणजे डावीकडून पाहता घड्याळाच्या दिशेनं, फिरवू नका. तसा फिरवला की ढिलाई पुढं जाते, मागची बाजू ताणली जाऊन प्लंजर दाबला जातो आणि तुम्ही केलेली जुळवण खोटी ठरते. टेन्शनर काढलेला असताना तर क्रँकला हातच लावू नका, चेन दात सोडते.

ऑटोमॅटिक टेन्शनर बसवताना

हाताने लावायचा काढून दातेरी ऑटोमॅटिक बसवला की काळजी मिटली, असं बरेच जण समजतात. हा टेन्शनर फक्त पुढं सरकतो, मागं येत नाही. बसवायच्या आधी स्प्रिंगचा बोल्ट काढून प्लंजर पूर्ण आत दाबा, बॉडी बसवा, स्क्रू आवळा आणि मगच स्प्रिंग घाला. प्लंजर बाहेर असताना बॉडी स्क्रूनं ओढून बसवली तर पट्टी वाकते, नाहीतर अॅल्युमिनियमचे आटे जातात.

दुसरी चूक लवकर लक्षात येत नाही. ऑइल पाझरतंय म्हणून कुणी बॉडीचे स्क्रू दोन फेऱ्या सैल करतं, गॅस्केट पाहतं आणि परत आवळतं. स्क्रू सैल झाले त्या क्षणी प्लंजर एक-दोन दात पुढं सरकलेला असतो. आवळल्यावर तेवढा ताण चेनवर कायमचा बसतो. स्क्रूला हात लावला की टेन्शनर पूर्ण काढून, प्लंजर आत घेऊन पुन्हा बसवायचा. हे स्क्रू बहुधा ६ मिलिमीटरचे असतात, त्यांना १० न्यूटन-मीटरपेक्षा जास्त जोर नको.

भाग निवडताना गाडीचं साल बघा. एक्सएस ६५० च्या टेन्शनरची रचना उत्पादनाच्या काळात बदलली. एका प्रकारातली स्प्रिंग दुसऱ्याच्या बॉडीत चालेल असं धरू नका. होंडा सीबी ३६० घेतली असेल तर आधी हे तपासा की तिला सुधारित टेन्शनर बसला आहे का. सुरुवातीच्या गाड्यांचा टेन्शनर होंडाला रिकॉल काढून बदलावा लागला होता, पण जुनी गाडी किती हातांतून गेली हे कोण सांगणार.

चेनच लांबली असेल तर टेन्शनर तिला छोटी करू शकत नाही. नवी चेन जुनीला जोडून आत ओढताना दोन्ही टोकं तारेनं बांधून ठेवा आणि भोकाभोवती कापड कोंबा. सुटलेली कडी खाली गेली तर क्रँककेस उघडावी लागते. जोडकडी रिव्हेट करूनच बसवा, क्लिपवर विसंबू नका.

सगळं बसल्यावर दोन्ही प्लग काढा आणि क्रँक हातानं दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. तेवढ्यात कॅम एक फेरी पूर्ण करतो. मध्ये कुठं कडक अडथळा लागला तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असू शकतो. १८० अंशांच्या होंडामध्ये (एक पिस्टन वर असताना दुसरा खाली) मॅग्नेटवर दोन्ही सिलिंडरच्या खुणा वेगळ्या असतात, डावीकडची ‘एल’वाली कोणती ते मॅन्युअलमध्ये बघूनच जुळवा. खुणा जुळल्या की क्रमानं टॅपेट, मग टायमिंग, मग कार्ब्युरेटर. चेन हलवली की पॉइंटचं टायमिंगही हललेलं असतं.

नव्या पट्टीवर चेन बसायला थोडं अंतर लागतं. ५०० किलोमीटर झाले की थंड इंजिनावर टोपी-नट पुन्हा उघडून दांडीची पातळी बघा, आणि त्याच वेळी जाळीही.