नकोशा माणसाच्या मयताला जाताना

बातमी कळली की आधी तोंड बंद ठेवा. ‘सुटलो एकदाचे’ हे जिभेवर येतंच, आणि मनात आलं म्हणून काही पाप लागत नाही. पण घरात नातवंडं असतात, ती त्या घरातल्या मुलांबरोबर खेळतात, आणि असलं वाक्य संध्याकाळच्या आत जिना चढून वर जातं.

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या वाड्यात वरच्या मजल्यावर असे एक काका होते. जावयाच्या जातीवरून माझ्या मुलीला भर जिन्यात बोलले. भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा कप त्यांच्याकडे वेगळा, खिडकीत उपडा घातलेला. मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी कुणाच्या तरी नावाने विष. अशा माणसाकडे मयत झालं की लोक खिडकीतून बघतात, खाली उतरत नाहीत. म्हणून तुम्ही उतरा. तिरडी बांधायला, गाडीत ठेवायला माणसं लागतात. घरातल्या मुलाला सांगा, ‘रामबाग मुक्तिधामापर्यंत जाऊन ये, भाषण ऐकायला थांबू नकोस.’

नेत्रदानाचं विचारायचं असेल तर लगेच विचारा. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात आणि त्या गडबडीत घरच्यांना सुचत नाही. ते हो म्हणाले तर नेत्रपेढीला फोन लावा, पंखा बंद करा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. चेहरा विद्रूप होत नाही, हे मुद्दाम सांगा, बायकांना तीच धास्ती असते. काकांचे डोळे दिले. कुणाला बसवले ते घरच्यांना कळवत नाहीत. कपाची आठवण असलेल्या आम्हा दोघी-तिघींना त्याची गंमत वाटली, पण ती आम्ही वर नेली नाही.

भेटायला गेलात की ‘फार देवमाणूस होते’ म्हणू नका. घरच्यांनी त्यांना तुमच्याहून जास्त सोसलेलं असतं, खोटं त्यांना लगेच कळतं. खरं असं काहीतरी एक शोधून ठेवा. काका गणपतीत आरती खणखणीत म्हणायचे, मी तेवढंच बोलले. काकू म्हणाल्या, ‘त्यांचा स्वभाव तुला माहीतच आहे.’ अशा वेळी ‘हो ना’ म्हणायचं नाही आणि ‘छे छे’सुद्धा नाही. ‘बीपीची गोळी घेतलीत का?’ असं विचारायचं.

पिठलं-भात पहिल्या दिवशी कुणीतरी पाठवतंच. तुम्ही पाचव्या-सहाव्या दिवशी पाठवा. तोवर आलेले पाहुणे जेवायला असतात आणि डबे यायचे थांबलेले असतात. डबा जुनाच द्या, परत करायची काळजी त्यांना नको.

आता क्षमेचं. आमच्या माळव्यातच मंदसौरला, खानपुऱ्यात, नामदेव समाज रावणाला जावई मानतो. बायका त्याच्या पुतळ्यापुढून घुंघट ओढून जातात. दसऱ्याला सकाळी पूजा करतात, संध्याकाळी वध. पूजा केली म्हणून कुणी त्याला निर्दोष ठरवत नाही. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. वागणं वाईट होतं हे तसंच राहू द्या, खोडू नका, आणि तरी हात जोडा.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना की नातेवाईक एकेक करून पुढे होतात, ‘मुलांना सांभाळू’, ‘कर्ज फेडू’ असे शब्द देतात. भांडण मिटवायचं असेल तर ती जागा चांगली. मोठ्याने बोलायची गरज नाही. ‘काका, माझ्यापुरतं मिटलं’ एवढं मनात म्हटलं तरी चालतं. ‘माझ्यापुरतं’ मात्र म्हणायचंच. मुलीच्या वतीने मी माफ केलं नाही, तो हिशेब तिचा आहे. आणि भांडीवाल्या बाईंना ‘जाऊ दे आता, मेलेल्या माणसावर राग धरू नये’ असं मी तर सांगणार नाहीच, कुणी सांगायला लागलं तर त्याला गप्प करीन. त्या भेटायला गेल्या नाहीत. त्यांना बोलवायचंही नसतं.

मनातून निघतच नसेल तर ओढूनताणून काढू नका. भाद्रपदात पितरांना पाणी देताना जे आपले कुणीच नव्हते त्यांच्याही नावाने ओंजळ सोडतात. सर्वपित्री अमावास्या दरवर्षी येते.

राहिला ग्रुप. ‘ॐ शांती’ लिहा आणि थांबा. त्यांचे जुने मेसेज वर काढून कुणी वाद घालायला लागलं तर तेरा दिवस थांबायला सांगा, नंतर खुशाल बोला, कारण ते मेसेज वाईटच होते. आणि अ‍ॅडमिन असाल तर त्यांचा नंबर लगेच काढू नका. तेराव्याचं आमंत्रण मुलगा बहुतेक त्याच फोनवरून पाठवतो.