लघवीतून रक्त: युरोलॉजिस्टकडे जाण्याआधी
आधी गोळ्या. रोजच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका, मग बाकीचं बघू. मागच्या खेपेला वडिलांची पाकिटं घरीच राहिली आणि ‘रक्त पातळ करायची कोणती गोळी?’ याला आमचं उत्तर होतं, ‘पांढरी, छोटी.’

फाईल, आधार, पैसे हे सांगायला नको.

रक्त कसं दिसलं ते घरीच लिहून काढा: सुरुवातीला, शेवटी की सगळीच लघवी लाल, गाठी पडल्या का, दुखलं का. दुखलं तर मूतखडा किंवा जंतुसंसर्ग असू शकतो, आणि सोलापूरच्या उन्हात पाणी कमी पिणाऱ्याला खड्याचं नवल नाही. न दुखता आलेल्या रक्ताची धास्ती जास्त. एकदाच आलं, थांबलं, म्हणून अपॉइंटमेंट रद्द करू नका. मूत्राशयाच्या कर्करोगातलं रक्त असंच येतं-जातं. विडी-सिगारेट किती वर्षं, हे विचारायच्या आत सांगा. सुनेसमोर कबूल करायला लाजणारे सासरे असतात, त्यांना आत एकटं सोडा. डाईंगमध्ये काम केलं असेल तर तेही सांगा. चादरी-टॉवेलच्या या गावात ते महत्त्वाचं आहे, कारण कापडाच्या काही रंगांतली रसायनं याच कर्करोगाला कारण ठरलेली आहेत.

बीट खाल्लं होतं का, आठवा, त्यानंही लघवी लाल दिसते. टीबीची रिफाम्पिसिन चालू असेल तर लघवी नुसती केशरी-तांबडी होते, रक्त नसतं. म्हणजे परत गोळ्याच! शुगरची मेटफॉर्मिन? कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून सोडायचं औषध, देऊन सीटी करायचा तर क्रिएटिनिनबरोबर (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तीही बघतात. घेतली ना पाकिटं? आणि रक्त पातळ करायची गोळी मनानं बंद करू नका, हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (जाळीची नळी) बसवलेल्याच्या ते जिवावर बेततं. ‘गोळीमुळंच येतंय रक्त’ असंही घरी ठरवून बसू नका. गोळी चालू असली तरी तपासण्या कराव्याच लागतात.

लघवीचा नमुना मधल्या धारेचा, म्हणजे सुरुवातीची थोडी सोडून, आणि अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. मेडिकलवाल्यानं दिलेल्या दोन गोळ्या आधीच खाल्ल्या की कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, जंतू सापडत नाहीत. पाळी चालू असेल तर सांगा. सोनोग्राफीला लघवी तुंबवून जायचं, पाणी बरोबर. मूत्राशयात दुर्बीण घालून करायची तपासणी लागली तर तारीख मिळेल. जुने रिपोर्टही घ्या.

गाठींनी लघवी अडली किंवा थंडी वाजून ताप भरला, तर यादी ठेवा बाजूला आणि रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.