एका संगणकावर दोन लिनक्स असतील तर विभाजनांची लेबले वेगळी ठेवा

फेडोरा आणि डेबियन या दोन्ही लिनक्स वितरणांच्या (लिनक्सच्या तयार आवृत्त्यांच्या) मूळ विभाजनांना, म्हणजे मुख्य प्रणाली असलेल्या डिस्कच्या भागांना, ‘रूट’ हेच लेबल दिलेले असेल, तर एफएसटॅब (सुरू होताना कोणती विभाजने जोडायची याची यादी) या फाइलमधील लेबलाधारित नोंदीमुळे भलतेच विभाजन माउंट होऊ (प्रणालीला जोडले जाऊ) शकते. म्हणून लेबलात वितरणाचे नाव घालावे आणि ते रोमन अक्षरांतच लिहावे, कारण ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल प्रणालीमध्ये लेबलाला १६ बाइटच मिळतात आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते. लेबल बदलल्यावर एफएसटॅब व ग्रब (संगणक सुरू होताना प्रणाली चालू करणारा प्रोग्राम) यांमधील जुन्या नोंदी लगेच दुरुस्त कराव्यात. माझ्या मते लेबलाऐवजी यूयूआयडी (विभाजनाचा अनन्य ओळख क्रमांक) वापरणेच अधिक सुरक्षित आहे. मात्र डीडी आज्ञेने विभाजनाची हुबेहूब प्रत काढल्यास यूयूआयडीही तोच राहतो, तेव्हा ट्यून२एफएस ही आज्ञा वापरून प्रतीला नवा यूयूआयडी द्यावा आणि ब्लकआयडी या यूयूआयडी दाखवणाऱ्या आज्ञेने खात्री करून घ्यावी.