रशियातील ग्रामीण रायॉनचा भूगोल आणि इतिहास कसा अभ्यासावा

रायॉन म्हणजे साधारणपणे तालुक्याच्या पातळीचा प्रशासकीय विभाग. त्याचा अभ्यास स्थापनेच्या तारखेपासून सुरू करू नये, कारण बहुतेक रायॉन १९२० च्या दशकातील सोव्हिएत पुनर्रचनेत आखले गेले, आणि तिथली वस्ती मात्र त्याहून कित्येक शतके जुनी असते.

प्रथम नकाशा उघडून पाणी कोठून कोठे वाहते ते पाहावे. अर्खांगेल्स्क ओब्लास्तातील (ओब्लास्त म्हणजे प्रांत) कार्गोपोल रायॉनचे उदाहरण घेऊ. लाचा सरोवरातून ओनेगा नदी निघते आणि उत्तरेकडे श्वेत समुद्राला मिळते. समुद्रकाठी तयार होणारे मीठ याच नदीमार्गाने दक्षिणेकडे येत असे आणि कार्गोपोलचे व्यापारी त्यावरच श्रीमंत झाले. १८९० च्या दशकात व्होलोग्दा-अर्खांगेल्स्क लोहमार्ग कार्गोपोल शहराला न येता पूर्वेकडच्या न्यान्दोमावरून गेला. आजही या शहराला रेल्वे नाही, आणि भूगोलाने इतिहासाची दिशा कशी ठरवली हे येथे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कोठे दिसते.

त्यानंतर हा प्रदेश कोणकोणत्या विभागांत होता, याची साखळी मांडावी. खरी मेहनत येथेच आहे. कार्गोपोल हा पूर्वी ओलोनेत्स गुबेर्नियातील (झारकालीन प्रांतातील) उयेझ्द, म्हणजे जिल्हा, होता. १९१९ मध्ये तो व्होलोग्दा गुबेर्नियाकडे गेला, १९२९ मध्ये उयेझ्द मोडून उत्तर क्राय या मोठ्या सोव्हिएत प्रांतात रायॉन झाला, आणि १९३६ मध्ये उत्तर ओब्लास्तात गेलेला हा रायॉन १९३७ पासून अर्खांगेल्स्क ओब्लास्तात आहे. त्यामुळे १८९७ च्या जनगणनेतील आकडे ओलोनेत्सच्या खंडात शोधावे लागतात. उयेझ्द आणि रायॉन यांच्या सीमा एक नसल्याने दोहोंची लोकसंख्या शेजारी ठेवून घट किंवा वाढ काढणे चुकीचे ठरते; अनेक लेखांत नेमकी हीच चूक आढळते.

गावांच्या यादीत ‘सेलो’ आणि ‘देरेव्न्या’ हा भेद जपावा, कारण परंपरेने चर्च असलेल्या गावालाच सेलो म्हणत. फेब्रुवारी १९१८ पूर्वीच्या तारखा ज्युलियन पंचांगानुसार असतात. त्या आजच्या ग्रेगोरियन पंचांगात बदलायच्या असतील तर एकोणिसाव्या शतकासाठी १२ आणि विसाव्या शतकासाठी १३ दिवस मिळवावेत, आणि कोणती पद्धत वापरली हे प्रत्येक तारखेपाशी लिहावे.