आपल्या तालुक्याचा दिनविशेष कसा बनवायचा (सातारा-सांगलीकरांसाठी)

शाळेच्या फळ्यावर, वाचनालयात नाहीतर गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज दिनविशेष टाकणारे खूप जण आहेत, पण त्यात कुठल्या तरी लांबच्या देशाचा स्वातंत्र्यदिन असतो आणि कराड, वडूज, इस्लामपूरचं काहीच नसतं. म्हणून आपला दिनविशेष आपणच बनवायचा. एक वही किंवा एक्सेल शीट पुरते.

शीटमध्ये रकाने असे पाडा: तारीख, साल, तिथी-शके, काय घडलं, कुठल्या गावात, ते गाव तेव्हा कुणाच्या हद्दीत होतं, आता कुठल्या तालुक्यात आहे, आणि माहिती कुठून घेतली. गावाचा रकाना मोकळा सोडायचाच नाही, कारण नुसतं "सातारा जिल्हा" लिहिलं की वाचणाऱ्याला ते आपलं वाटत नाही, गावाचं नाव आलं की लगेच कोणीतरी म्हणतं अरे हे तर आमच्या शेजारचं.

सुरुवात पक्क्या तारखांपासून करा. ३ जानेवारी १८३१, सावित्रीबाई फुले, खंडाळा तालुक्यातलं नायगाव. १५ जानेवारी १९२६, खाशाबा जाधव, कराडजवळचं गोळेश्वर, आणि त्यांचंच २३ जुलै १९५२ चं हेलसिंकी ऑलिम्पिकमधलं कुस्तीचं ब्राँझही विसरू नका. ४ ऑक्टोबर १९१९, कर्मवीर अण्णांनी (भाऊराव पाटील) कराड तालुक्यातल्या काल्याला रयत शिक्षण संस्था काढली. ५ नोव्हेंबर तर सगळ्या महाराष्ट्राचा रंगभूमी दिन, पण तो सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली केलेल्या सीता स्वयंवरामुळे आहे हे सांगलीतल्या पोरांनाही सांगावं लागतं.

आता ७ नोव्हेंबर बघा. १९०० साली याच दिवशी भिवा रामजी आंबेडकर या नावाने बाबासाहेबांचा साताऱ्याच्या राजवाड्यातल्या सरकारी शाळेत दाखला झाला, आताचं प्रतापसिंह हायस्कूल. रजिस्टरात नंबर १९१४. त्या एका नोंदीवरून राज्यात विद्यार्थी दिवस सुरू झाला, २०१७ पासून. म्हणून म्हणतो, आपापल्या गावच्या शाळेचं जुनं रजिस्टर, ग्रामपंचायतीचं दप्तर, पुलावरची अन् पाण्याच्या टाकीवरची कोनशिला, हुतात्मा स्मारकावरची नावं हे सगळं बघून घ्या. हेडमास्तरांना विचारूनच रजिस्टर हातात घ्यायचं आणि त्यातली सध्या हयात असलेल्या माणसांची माहिती ग्रुपवर अजिबात टाकायची नाही. याच्या जोडीला जिल्ह्याचं गॅझेटियर, साताऱ्याचं इंग्रजांच्या वेळचं १८८५ चं आहे, नंतरची सरकारी मराठी-इंग्रजी पुस्तकंही वाचनालयात मिळतात.

हद्दीचा गोंधळ इथे सगळ्यात जास्त होतो, तो नीट समजून घ्या. १९४९ साली साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले आणि दक्षिण साताऱ्याला १९६० मध्ये सांगली हे नाव मिळालं. त्यामुळे १२ मार्च १९१३ ला देवराष्ट्र्याला जन्मलेले यशवंतराव चव्हाण तेव्हाच्या हिशोबाने साताऱ्याचे, आता देवराष्ट्रे सांगलीच्या कडेगाव तालुक्यात. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानता गावोगावी चालवलेलं समांतर सरकार, इतिहासात साताऱ्याचं म्हणून ओळखलं जातं, पण त्याचा बालेकिल्ला कुंडल, ते तेव्हा औंध संस्थानात होतं आणि आज सांगली जिल्ह्यात आहे! यावरून दोन जिल्ह्यांचे लोक भांडत बसतात, तसं करू नका, दोन्ही बोर्डांवर लावा आणि हद्द स्पष्ट लिहा. खुद्द सांगली, मिरज, औंध, फलटण ही संस्थानं होती, १९४८ च्या आधीची त्यांची नोंद इंग्रजी जिल्ह्यात घुसडू नका.

जुन्या तारखांना तिथी लिहाच. शके सालात ७८ मिळवले की इसवी साल येतं, पण पौषात मध्येच जानेवारी लागतो, तिथून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवायचे. समर्थ रामदासांनी सज्जनगडावर देह ठेवला ती माघ वद्य नवमी शके १६०३ ची, म्हणजे १६८२ चा सुरुवातीचा काळ, तरी पुष्कळ ठिकाणी १६८१ छापलंय. अशा वेळी दासनवमी तिथीनेच लावा. प्रतापगडची लढाई १० नोव्हेंबर १६५९ ची, तीही मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीला गडावर साजरी होते. या शिवकाळातल्या इंग्रजी तारखा जुन्या ज्युलियन कॅलेंडरच्या आहेत, आजच्या कॅलेंडरने दहा दिवस पुढे जातात, तेव्हा स्वतः बदलत बसू नका, रूढ तारीख ठेवा आणि शेजारी तिथी द्या.

नव्या घटनांतही घोळ असतो. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, पण परदेशी याद्यांत १० डिसेंबर दिसतं कारण तिथे जागतिक वेळ धरतात आणि ती आपल्या साडेपाच तास मागे. कोयनानगरच्या माणसासाठी ती ११ चीच पहाट आहे, तीच लिहा.

मजकूर चार ओळींचा पुरे, पण शब्द जपून. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवरच्या मोर्चावर गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती पडले, दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा सांगलीचा जेल फोडून बाहेर पडले, त्यात अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हुतात्मा झाले. अशा दिवशी "हार्दिक शुभेच्छा" टाकलेलं बघून फार वाईट वाटतं. जयंतीला अभिवादन, हुतात्म्यांना नाव घेऊन आदरांजली, शुभेच्छा फक्त संस्थेच्या स्थापना दिनाला. फुलांच्या जीआयएफपेक्षा त्या गावच्या स्मारकाचा स्वतः काढलेला फोटो लावा.

गोल आकडा येत असेल तर वर्षभर आधी तयारीला लागा. सावित्रीबाईंच्या जन्माला ३ जानेवारी २०३१ ला २०० वर्षं पूर्ण होतात, म्हणजे द्विशताब्दी वर्ष ३ जानेवारी २०३० लाच सुरू होतं, आणि कोयनेच्या भूकंपाला डिसेंबर २०२७ मध्ये ६० होतील. भूकंप आठवणारी पाटणची म्हातारी माणसं अजून आहेत, त्यांच्याकडे मोबाईलवर रेकॉर्डिंग करायला याच सुट्टीत जा, आधी परवानगी घ्या आणि गावाचं नाव अन् तारीख बोलण्याच्या सुरुवातीलाच म्हणून घ्या म्हणजे फाईल नंतर सापडते.